‘सिंहासन’च्या पलीकडचे अरुण साधू

कंदील

माझा पुतण्या पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यात काही उलथापालथ झाली की ‘सिंहासन’ चित्रपटातले तुकडे मोबाइलवर फिरायला लागतात, ते त्याने पाहिलेले. परवा जेवताना त्याने विचारलं, “काका, हे ज्यांच्या कादंबरीवरून केलंय ते अरुण साधू हल्ली कुठे लिहितात?” साधू २५ सप्टेंबर २०१७ ला गेले. मुलाला माहीत नव्हतं. त्याला काही बोललो नाही, पण रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात होतं. आपल्या पिढीला ज्यांनी वर्तमानपत्राच्या पलीकडचं राजकारण दाखवलं, त्यांच्याबद्दल आपण पुढच्या पोरांना सांगितलं तरी काय? म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना जे ठाऊक आहे, जे वाचलंय, ते लिहा.

आधी थोडी ओळख. जन्म १७ जून १९४१, अमरावती जिल्ह्यातलं परतवाडा. पत्रकारितेची सुरुवात पुण्यात ‘केसरी’पासून. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातलं लेखन त्याच सुरुवातीच्या काळातलं. मग मुंबई आणि इंग्रजी वर्तमानपत्रं: इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, स्टेट्समन, आणि पुढे फ्री प्रेस जर्नलचं संपादकपद. १९९५ ते २००१ या काळात पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटचे, ते प्रमुख होते. २००७ मध्ये नागपूरला भरलेल्या ऐंशीव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०१५ चा जनस्थान पुरस्कार. कुठल्याही परिचयात एवढं सापडतं.

मला लिहायचंय ते त्यांच्या एका गोष्टीबद्दल. नोकरी इंग्रजीत आणि पुस्तकं मराठीत, असं हा माणूस जवळजवळ आयुष्यभर जगला. इंग्रजी पत्रकाराला तेव्हा मान होता, पगार बरा होता, दिल्लीपर्यंत वाचलं जायचं. तिथे राहून स्तंभ लिहिले असते, इंग्रजी पुस्तकं काढली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. पण चीन, क्युबा, रशिया, मुंबईचं राजकारण, स्टेशनावरची पोरं, हे सगळं त्यांनी मराठीत आणलं. कुणासाठी? माझ्यासारख्यांसाठी. मी तालुक्याच्या गावी अकरावीत होतो. इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या गावात फक्त एका वकिलांकडे यायचं, तेही दुसऱ्या दिवशी. नगर वाचनालयात ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ हाती लागलं. मुखपृष्ठ फाटलेलं, मधली काही पानं सुटी झालेली. माओ, चौ एन लाय, १९३४ मध्ये सुरू झालेली ती लाँग मार्च, हजारो मैल डोंगरदऱ्या तुडवत गेलेली माणसं! घरी आमच्या आण्णांनी विचारलं, “चिन्यांचं पुस्तक वाचतोस?” १९६२ त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं. त्यांचा एक मित्र नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचल प्रदेशात, होता. ते पुस्तक घरात आणणं म्हणजे शत्रूला घरात घेणंच त्यांच्या लेखी. मी वाचलं आणि मग त्यांनाही वाचायला लावलं. आठ दिवस लागले त्यांना. शेवटी एवढंच म्हणाले, “आपण ह्यांच्याशी लढलो, पण हे कोण आहेत ते आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.”

युद्ध होऊन जेमतेम दशक लोटलेलं असताना एका मराठी पत्रकाराला वाटलं की ज्या देशाने आपल्याला हरवलं तो देश आपल्या लोकांना समजला पाहिजे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, गोष्ट सांगितल्यासारखं सगळं सांगितलंय. ‘फिडेल, चे आणि क्रांती’ मी पुढे वाचलं. ग्रान्मा नावाच्या छोट्या बोटीतून ८२ माणसं क्युबाच्या किनाऱ्यावर उतरतात, त्यातली बहुतेक काही दिवसांत मारली जातात किंवा पकडली जातात, आणि दोनेक वर्षांत उरलेल्यांची हवानात सत्ता येते. हे मला मराठीतून कळलं, आणि त्यामुळे ते परक्या देशातलं वाटलंच नाही.

‘सिंहासन’ तर थोर आहेच. पण त्याच्या सावलीत बाकीचे साधू झाकले गेलेत, एवढंच माझं म्हणणं.

जुना बातमीदार

कंदील, धागा काढलात, बरं वाटलं. मी एका मराठी दैनिकात मंत्रालय आणि विधिमंडळ बीट केलं, ऐंशीच्या दशकापासून पुढची बावीस वर्षं. साधूंशी ओळख होती असं म्हणणार नाही. त्यांच्या पुस्तकांशी होती. तुमचं म्हणणं मान्य, तरी मी ‘सिंहासन’कडेच परत येणार, कारण आमच्या धंद्याबद्दल त्या कादंबरीत जे आहे ते मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पत्रकाराला बातमी मिळते आणि तो ती छापतो. तसं नसतं. दिवसभरात कानावर पडतं त्यातला दहावा हिस्सा छापण्यासारखा असतो. बाकीचं वहीत राहतं. मंत्रिमंडळाची बैठक संपली की अमुक मंत्री चेहरा पाडून का बाहेर आला, तमुक सचिवाची फाइल चौथ्यांदा परत का गेली, कोणाचा माणूस कोणाच्या बंगल्यावर रात्री अकराला दिसला. खात्री नाही, कागद नाही, नाव द्यायला कोणी तयार नाही. छापलं तर हक्कभंग नाहीतर अब्रुनुकसानी. रात्री डाक आवृत्तीची वेळ झाली की जे आहे ते तीनशे शब्दांत बसवायचं आणि घरी जायचं. त्या वह्यांचं काय होतं? माझ्या माळ्यावर दोन ट्रंका आहेत.

साधूंनी त्यांच्या वहीची कादंबरी केली. असं मी म्हणतो म्हणजे त्यातला अमुक मुख्यमंत्री म्हणजे अमुक, असं नव्हे. तो खेळ आम्ही पत्रकार कक्षात खूप खेळलो. कुणाला कादंबरीतल्या मुख्यमंत्री जिवाजीराव शिंद्यांमध्ये वसंतराव नाईक दिसायचे, कुणाला आणखी कोणी. कामगार पुढारी दा कास्टामध्ये जॉर्ज फर्नांडिस तर सगळ्यांनाच दिसायचे. पण नावं लावायला गेलं की ती बसत नाहीत, आणि तिथेच ते पुस्तक खरं आहे. बातमीत माणूस एकच गोष्ट करतो: राजीनामा देतो, आरोप फेटाळतो, उद्घाटन करतो. कादंबरीत तोच माणूस रात्री एकटा बसलेला असतो, त्याला फोन येतो, आणि त्याला घाम फुटतो. हे लिहायला बातमीत जागा नसते.

आणि दिगू टिपणीस, त्यातला पत्रकार. मी तरुणपणी त्याला नायक समजायचो. सगळ्यांना ओळखतो, सगळं जाणतो, मुख्यमंत्र्यांपासून सगळे त्याच्याशी बोलतात. चाळिशी गाठली तेव्हा कळलं, सगळे त्याच्याशी बोलतात ते त्यांना सोयीचं असतं म्हणून. एक गट त्याला एक पुडी देतो, दुसरा दुसरी. तो निरोप्या होतो आणि त्याला वाटत राहतं की आपण साक्षीदार आहोत. हे माझ्या बाबतीत झालंय. एका नेत्याने मला एक “आतली बातमी” दिली, मी ती आठ कॉलमी छापली, आणि सहा महिन्यांनी समजलं की त्या बातमीचा उपयोग एका प्रामाणिक अधिकाऱ्याला हलवण्यासाठी झाला. त्या अधिकाऱ्याला मी भेटायला गेलो नाही. जायला हवं होतं. निळू फुल्यांनी पडद्यावर दिगूचं जे केलं, शेवटी रस्त्यावर ते वेड्यासारखं हसणं, ते मी त्यानंतर पुन्हा पाहू शकलेलो नाही.

तुमच्या पुतण्याला सांगा, ‘सिंहासन’ राजकारण कळायला वाच, आणि दुसऱ्यांदा पत्रकार कळायला वाच.

चहाची टपरी

काका, फार मनापासून लिहिलंत. ट्रंका उघडा एकदा.

चित्रपटाबद्दल थोडी भर. तो एका कादंबरीवर नाही. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्यांवर आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, १९७९. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी दा कास्टा. सुरेश भटांची ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’ त्यातलीच.

तारखा जुळवून पाहिल्या तर अंगावर काटा येतो. ‘सिंहासन’ कादंबरी १९७७ ची. मार्चमध्ये आणीबाणी उठली, केंद्रात काँग्रेस पहिल्यांदा हरली, ते वर्ष. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादांचं सरकार आतूनच पडलं आणि शरद पवार पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) मुख्यमंत्री झाले. म्हणजे मंत्रिमंडळातल्याच माणसाने मुख्यमंत्र्याला खाली खेचायची गोष्ट आधी पुस्तकात आली आणि मग वर्तमानपत्रात. चित्रीकरणाला मंत्रालयाची खरी इमारत मिळाली ती याच पवारांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. ती कुठल्या सेटवर बांधून जमली नसती.

परतवाड्याचा

आमच्या गावचं नाव पहिल्याच परिच्छेदात वाचून लय आनंद झाला. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावं. अचलपूर जुनं, नवाबांचं, तटबंदीचं. परतवाडा इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेलं. मागे मेळघाटाचा डोंगर उभा, चिखलदऱ्याचा घाट इथूनच चढतो. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला गाडी, अरुंद रुळांची, कापसासाठी टाकलेली, ती अचलपूरला येऊन थांबायची. पुढे रस्ता नव्हताच जणू. मुंबईच्या मंत्रालयापासून इतक्या लांबच्या गावातून आलेल्या माणसाने मंत्रालयाचा एकेक जिना वाचकाला पाठ करून दिला, याचा आम्हाला अभिमान आहे.

मला मात्र ‘मुखवटा’बद्दल लिहायचंय. ती फार कमी लोकांनी वाचलीय. जाडजूड आहे, हे कारण असेल. विदर्भातल्या एका घराण्याची गोष्ट आहे. वाडा, जमीन, पिढ्या, मोठमोठ्या पंगती, आणि हळूहळू सगळ्याला लागलेली वाळवी. मी ती वाचली तेव्हा आमच्या मोठ्या वाड्याची वाटणी चालू होती. काकांनी मधली भिंत बांधायला घेतली होती. दिवसा गवंड्याच्या थापीचा आवाज ऐकायचा आणि रात्री ‘मुखवटा’ वाचायची. एवढंच सांगतो की मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाला आपलं गाव सुटलं नव्हतं.

विदर्भाबद्दल मुंबई-पुण्याचे पत्रकार लिहितात तेव्हा एक तर आत्महत्या असतात नाहीतर हिवाळी अधिवेशन. साधूंच्या लेखनात इथली माणसं हसतात, भांडतात, खोटं बोलतात, श्राद्ध घालतात.

शब्दपान

मी थोडं वेगळं बोलणार आहे. राग नसावा.

साधूंबद्दल मला आदर आहे. पण ‘ड्रॅगन’बद्दल कंदील यांनी जे लिहिलं त्यात एक बाजू राहिली. मी ते पुस्तक १९९८ मध्ये वाचलं, म्हणजे तुमच्या बरंच नंतर. तोपर्यंत १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’नंतर चीनमध्ये पडलेला दुष्काळ जगाला ठाऊक झाला होता. कोटींच्या संख्येने माणसं उपाशी मेली. घरातली भांडी वितळवून पोलाद करायला लावलं, शेतं ओस पडली, आणि वरच्यांना खोटे आकडे कळवले गेले. सांस्कृतिक क्रांतीत शिक्षकांच्या गळ्यात पाट्या अडकवून त्यांची धिंड काढली. हे ठाऊक असताना माओच्या क्रांतीची आस्थेने सांगितलेली गोष्ट वाचणं मला जड गेलं. पत्रकाराने, तेही राजकीय पत्रकाराने, भारावून जावं का? महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याकडे जी तीक्ष्ण नजर साधूंनी लावली ती बीजिंगकडे का नाही लावली?

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. पाटी अडकवलेले ते शिक्षक वाचले की मला त्यांचा चेहरा दिसतो. म्हणून जरा तीव्र लिहिलं गेलं.

कंदील

शब्दपान, राग कसला. हा प्रश्न विचारायलाच हवा होता आणि माझ्या लेखात तो नाही, ही माझी चूक.

दोन गोष्टी मांडतो. पहिली, काळाची. दुष्काळात किती माणसं गेली याचे भरवशाचे अंदाज चीनच्या १९८२ च्या जनगणनेनंतर अभ्यासकांना काढता आले. ‘ड्रॅगन’ त्याच्या बऱ्याच आधीचं. सत्तरच्या आसपास जगभरचे भलेभले पत्रकार चीनबद्दल चुकले. पाश्चात्त्य पाहुण्यांना निवडक कम्यून (सामूहिक शेतीच्या वसाहती) दाखवून परत पाठवत. मुंबईत बसून, मिळतील ती पुस्तकं आणि वृत्तसंस्थांच्या तारा वाचून लिहिणाऱ्याला त्यापलीकडचं दिसणं फार अवघड होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते तिथेच थांबले नाहीत. पुढे ‘तिसरी क्रांती’मध्ये लेनिन, स्टॅलिनपासून गोर्बाचेव्हपर्यंतचा रशिया घेतला. ज्या क्रांतीच्या स्वप्नावर त्यांच्या पिढीने प्रेम केलं तिचं काय झालं, हे तपासायला ते परत गेले. चीनवरही ‘ड्रॅगन जागा झाल्यावर’ हे आणखी एक पुस्तक केलं. एकाच विषयाकडे आयुष्यभरात पुन्हा पुन्हा जाणं हे मला बातमीदाराचं लक्षण वाटतं. बातमी दिली की पाठपुरावा करायचा असतो.

तरीही तुमचा मुद्दा मी सोडत नाही. भारावलेपण आहे. मी अकरावीत भारावलो तो त्यामुळेच. आणि शिक्षकांच्या गळ्यातल्या पाट्या मला त्या पुस्तकाने दाखवल्या नाहीत, हेही खरं.

जुना बातमीदार

यात माझे दोन शब्द. त्या वर्षांतल्या तरुणाला आशा कुठून मिळत होती ते पाहा. १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर बायका तान्ही पोरं घेऊन उन्हात बसलेल्या मी लहानपणी पाहिल्यात. १९७४ चा रेल्वे संप, मग आणीबाणी. क्युबा, व्हिएतनाम, चीन इथे काहीतरी घडतंय असं वाटायचं. साधू त्या पिढीचे होते. त्यांना मोह पडला. पण मुंबईत आल्यावर समोर जे दिसत होतं ते लिहिताना मोह कुठे आड आला नाही. दा कास्टा कामगार पुढारी आहे, साधूंची सहानुभूती कामगारांकडे आहे, तरी त्यांनी दा कास्टाला देव केलेलं नाही. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा नवशिका, लालबाग-परळ करत होतो. संप लांबत गेला तेव्हा मला वारंवार ‘सिंहासन’ आठवायचं. पुढारी, मालक आणि सरकार यांच्यामध्ये कामगार कसा उभा राहतो ते पाच वर्षं आधी लिहिलेलं होतं.

ओवी_डोंबिवली

मी साहित्यातली जाणकार नाही. बँकेत होते, आता निवृत्त. मला कुणी ‘झिपऱ्या’बद्दल लिहील असं वाटलं होतं. कुणीच नाही लिहिलं, म्हणून लिहिते.

तेहतीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी. फलाटावर बुटपॉलिशवाली पोरं असायची. लाकडी खोक्यावर ब्रश आपटून टकटक करायची, गाडी सुटता सुटता डब्यात उडी मारायची. सुरुवातीला मी त्यांच्याकडे पाहायचेच नाही. पर्स घट्ट धरायची, एवढंच. मग एका दिवाळीत बँकेच्या वाचनालयातून ‘झिपऱ्या’ आणली. अशाच पोरांची कादंबरी आहे. त्यांची आपापसातली भाषा, त्यांच्यावर दादागिरी करणारे, त्यांचं कमावणं, उडवणं, मरणाशी रोजची गाठ. दुसऱ्या दिवशी फलाटावर उतरले आणि पहिल्यांदा त्या मुलांचे चेहरे पाहिले. एकाच्या भुवईवर टाक्याची खूण होती. त्याच्याकडून पुढे कितीतरी वर्षं मी चपलेला पॉलिश करून घेतलं, गरज नसतानाही. नंतर तो दिसेनासा झाला.

मंत्र्यासंत्र्यांमध्ये वावरणाऱ्या पत्रकाराला ही पोरं दिसली. सचिवालयातून सुटून चर्चगेटला किंवा व्हीटीला गाडी धरायला जाताना रोज हजारो माणसांना ती दिसत होतीच. त्यांनी थांबून पाहिलं. २०१८ मध्ये त्यावर चित्रपटही आला. तो पाहायला साधू नव्हते, याचं वाईट वाटलं.

चहाची टपरी

ओवीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी कादंबरी मागवली. आभार.

अजून एक बाजू नोंदवतो, ती कायम राहून जाते. ग्रंथाली, पुस्तकं वाचकांपर्यंत नेणारी चळवळ. दिनकर गांगल, अशोक जैन, कुमार केतकर यांच्याबरोबर साधूही त्या चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळींत होते. चौघेही पत्रकारितेतले. दिवसभर वर्तमानपत्रात राबून संध्याकाळी हे लोक पुस्तक वाचकापर्यंत कसं जाईल याची खटपट करत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीनेच काढलं. मराठी घराघरांत दलित आत्मकथन पोचलं ते त्यानंतर. पुढे जब्बार पटेलांच्या डॉ. आंबेडकरांवरच्या चित्रपटाच्या लेखनात सूनी तारापोरवाला यांच्यासोबत साधू आणि दया पवार ही दोन्ही नावं आहेत. स्वतः लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याचं लिहिणं लोकांपर्यंत पोचवायला झटणं वेगळं. दोन्ही करणारे थोडे.

विक्रम सेठ यांच्या ‘अ सूटेबल बॉय’चा मराठी अनुवाद ‘शुभमंगल’ हाही साधूंचा. मूळ पुस्तक उचलायलाच दोन हात लागतात. स्वतःच्या कादंबऱ्या थांबवून एवढा मोठा अनुवाद अंगावर घ्यायचा म्हणजे काय, ते अनुवाद करणाऱ्यांना विचारा.

शब्दपान

‘विप्लवा’ आणि ‘स्फोट’ राहिल्या. त्या विज्ञान कादंबऱ्या. राजकीय पत्रकाराने विज्ञानकथेकडे जावं हे आधी मला विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. उद्याच्या जगात सत्ता कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. संज्ञापनावरचं, म्हणजे माहिती आणि संपर्काच्या साधनांवरचं, त्यांचं पुस्तकही त्याच ओढीतून आलेलं. मोबाइल सगळ्यांच्या खिशात येण्याआधी त्यांना या क्रांतीच्या परिणामांची काळजी लागली होती.

आणि कंदील, तुमचं पाठपुराव्याबद्दलचं म्हणणं दोन दिवस मनात घोळतंय. मी ‘ड्रॅगन’ वाचून थांबलो होतो, पुढची वाचलीच नाहीत. ती वाचून मग बोलेन.

परतवाड्याचा

एक आठवण करून द्यायची राहिली. २०१७ हे वर्ष मराठी पत्रकारितेला फार वाईट गेलं. मार्चमध्ये गोविंद तळवलकर गेले, तिकडे अमेरिकेत. सप्टेंबरात साधू. एक अग्रलेखातून राज्याला सुनावणारे संपादक, दुसरे मूळचे बातमीदार. आमच्या घरी दोघांवरून वडील आणि मोठे काका भांडायचे. काका तळवलकरांचे. वडील म्हणायचे, “अग्रलेख वाचून मुख्यमंत्री चुकला ते कळतं, साधू वाचून तो का चुकला ते कळतं.” भिंत बांधल्यावरही हे भांडण भिंतीच्या वरून चालायचं. आता दोघंही नाहीत.

जुना बातमीदार

परतवाडेकर, दोन्ही लागतात हो. तळवलकरांचा अग्रलेख सकाळी मंत्रालयात आमच्याआधी पोचलेला असायचा. त्याची धास्ती मी डोळ्यांनी पाहिलीय.

चहावाल्यांनी वर ट्रंका उघडायला सांगितलं होतं. काल एक उघडली. १९८६ ची वही वर होती. शाई फिकी झालीय, बरीच नावं मलाच लागत नाहीत. त्या अधिकाऱ्याचं नाव मात्र एका पानावर आहे, खाली दोन रेघा मारलेलं. ते हयात आहेत का ते शोधतोय.

कंदील

काका, सापडले तर नक्की भेटा. इथे नाही लिहिलंत तरी चालेल.

पुतण्याला हा धागा दिला. त्याने रात्रीत वाचून काढला. मला वाटलं होतं ‘सिंहासन’ मागेल. त्याने ‘ड्रॅगन’ नेलं. म्हणाला, “शब्दपान म्हणतात ते खरं का, ते आधी बघतो.” सकाळी लाँग मार्चचा नकाशा विचारत होता. माझ्या जुन्या शालेय नकाशात चीनमधल्या गावांची नावं वेगळीच आहेत, त्यामुळे आम्ही दोघे बराच वेळ बोट फिरवत बसलो.

एक मदत हवी. ‘तिसरी क्रांती’ माझ्याकडून एकाने नेलं ते परत आलं नाही, आणि इकडच्या दुकानांत मिळत नाहीये. कुणाकडे जास्तीची प्रत आहे का? टपालखर्च मी देईन.

ओवी_डोंबिवली

माझ्याकडे आहे. यजमानांचं होतं, त्यांनी पेन्सिलने खूप खुणा केल्यात, चालतील ना? विकायचं नाही, मुलाला वाचायला देते. येत्या रविवारी मी दादरला येणार आहे. पुतण्याला अकराला पुलाखाली तिकीट खिडकीपाशी उभं राहायला सांगा. परत मात्र हवंय.